ताटातला भात आणि गावातले शेत

अन्नदान हे सर्व दानांत श्रेष्ठ, असे आपण परंपरेने मानीत आलो. धर्मादाय संस्थेचा कोणताही उत्सव समाराधनेवाचून पुरा होत नाही. पंगत बसते, पाने वाढली जातात, आणि वरणभाताचा पहिला घास घेताना दात्याचे नाव निघते. परंतु त्या पानावरचा भात पिकला कोठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. महोत्सवी वर्षात मागे वळून पाहण्याचा प्रघात आहे, म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करावा असे वाटते. आपले बहुतेक सभासद पेडणे आणि डिचोली ह्या तालुक्यांतले, किंवा तेथून मुंबईस, बेळगावास व इतरत्र गेलेल्या कुटुंबांतले आहेत. त्यामुळे हा विषय आपल्या घरचाच आहे.

अन्नसुरक्षा हा शब्द हल्ली वारंवार कानावर येतो. त्याचा साधा अर्थ असा की, प्रत्येक घरात, वर्षाच्या प्रत्येक महिन्यात, पुरेसे आणि सकस अन्न परवडेल अशा दराने मिळावे, आणि अडचणीच्या दिवसांतही त्यात खंड पडू नये. ह्यातील शेवटचा भाग विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. बाजार सुरळीत चालू असता पैसे असलेल्यास अन्न मिळतेच. खरी परीक्षा बाजार बंद पडतो तेव्हा होते.

तीनदा बंद झालेले दार

आपल्या प्रदेशावर अशी वेळ गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत तीनदा आली.

पहिली १९४२ साली. जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. कोकणपट्टी आणि गोवा दोहोंनाही त्याची झळ लागली. तांदूळ मोजून मिळू लागला. त्या काळात नाचणी, कुळीथ, कणगां आणि फणसाच्या आठळ्यांवर दिवस काढल्याच्या आठवणी आपल्या आजीपणजींच्या तोंडून अनेकांनी ऐकल्या असतील.

दुसरी वेळ १९५४-५५ची. गोव्याच्या मुक्तीसाठी भारत सरकारने पोर्तुगीज राजवटीची आर्थिक कोंडी केली. सरहद्दीवरची ये-जा थांबली. पेडण्याच्या ज्या पत्रादेवीवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींनी रक्त सांडले, त्याच वाटेने एरवी बांदा-सावंतवाडीचा माल येत असे. पोर्तुगीज सरकारने मग तांदूळ, भाजीपाला आणि बटाटे समुद्रमार्गे परदेशांहून आणविले. त्यासाठी पैसा उभा राहिला तो मुख्यतः लोहखनिजाच्या निर्यातीतून, आणि त्या खनिजाचा मोठा भाग डिचोली-सत्तरीच्या डोंगरांतला होता. डोंगराची माती बोटीतून बाहेर जावयाची आणि तांदळाची पोती बोटीतून आत यावयाची, अशी व्यवस्था तेव्हा रूढ झाली. मुक्तीनंतर बोटींच्या जागी मालगाड्या आल्या, पण अन्न बाहेरून विकत आणावयाचे हा क्रम तसाच चालू राहिला.

तिसरी वेळ अगदी अलीकडची, मार्च २०२०ची. करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली. गोव्यात आरंभीचे काही दिवस किराणा मालाची दुकानेसुद्धा बंद होती, आणि चोर्ला घाटातून येणाऱ्या बेळगावच्या भाजीच्या गाड्या थांबल्या. हातात पैसा असून घरात भाजी नाही, हा अनुभव शहरांतील कुटुंबांनी त्या आठवड्यात घेतला. त्याच आठवड्यात परसात तांबडी भाजी, अळसांदे आणि मुळा असलेल्या खेड्यांतील घरांचे फारसे अडले नाही.

तिन्ही वेळा कारणे निराळी होती, परंतु अनुभव एकच आला. ज्या प्रदेशाचे अन्न सर्वस्वी बाहेरून येते, त्याचे दार दुसऱ्याच्या हाती असते. ह्याचा अर्थ गोव्याने सगळे धान्य स्वतः पिकवावे असा नव्हे. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या ह्या लहानशा राज्यात रहिवाशांखेरीज त्यांच्या कित्येक पट पर्यटक दरवर्षी येतात. इतक्यांना पुरेल असे अन्न येथे पिकणे शक्य नाही आणि तसा हट्टही नको. गहू, डाळी, कांदा, बटाटा बाहेरून येणारच. प्रश्न एवढाच आहे की, अडचणीच्या दिवसांत आधाराला येईल इतका वाटा आपल्या मातीत पिकतो की नाही, आणि पिकविण्याची शक्ती आपण शाबूत ठेवली आहे की नाही.

खाजन, खेर आणि मोरड

ही शक्ती कशात आहे हे समजण्यासाठी आपल्या जमिनीकडे पाहावे लागेल. गोव्यात भातजमिनीचे तीन प्रकार मानतात.

खाडीकाठची सखल जमीन ती खाजन. पेडण्यात शापोरा आणि तेरेखोल नद्यांच्या काठी, कोरगाव, आगरवाडा, चोपडे अशा गावांत ती आढळते. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात, आणि बांधात मानस असते. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याच्या जोराने ते बाहेरच्या बाजूस उघडते, आणि भरती आली की तिच्याच रेट्याने मिटते. पावसाळ्यात डोंगरावरून आलेले गोडे पाणी जमिनीतील खार धुऊन नेते आणि मग कोरगूट हे खार सोसणारे भात तेथे डोलू लागते. भात निघाल्यावर त्याच पाण्यात मासळी, आणि आगरवाड्यासारख्या गावी उन्हाळ्यात मीठ. एकाच जमिनीतून भात, मासळी आणि मीठ काढणारी ही योजना आपल्या पूर्वजांनी केवळ निरीक्षणाच्या बळावर उभी केली.

त्याहून किंचित उंचावरची रेताड जमीन ती खेर. येथे पावसाळी शरद पीक घेतल्यानंतर मातीतल्या ओलीवर आणि विहिरीच्या पाण्यावर कुळीथ, अळसांदे, भाजीपाला आणि मिरची होते. हरमलची मिरची ह्याच पेडणे तालुक्यातली. तिला आता भौगोलिक उपदर्शनाचे सरकारी मानांकन मिळाले आहे. डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची जमीन ती मोरड. तेथे पावसावर भात आणि पूर्वी नाचणी-वरी होत असे. ह्याखेरीज जेथे झऱ्यांचे व ओहळांचे पाणी मिळते तेथे वायंगण म्हणजे हिवाळी-उन्हाळी भात, आणि डिचोलीच्या खोऱ्यांत सुपारी, नारळ, केळी व मिरी ह्यांची कुळागरे.

चतुर्थीला गणपतीवर बांधलेली माटोळी आठवावी. तीत रानातली आणि शेतातली कितीतरी फळे, कंद, शेंगा बांधल्या जातात. गावच्या जमिनीत काय काय होते ह्याची ती वर्षातून एकदा मांडलेली यादीच होय. आज त्या यादीतल्या पुष्कळ वस्तू बाजारातून विकत आणाव्या लागतात. ह्यावरून काय उणावले ते कोणालाही कळेल.

कायद्याने दिले ते, आणि राहून गेले ते

शेते पडीक का पडली, ह्याचे एकच उत्तर नाही. तथापि जमिनीच्या मालकीचा इतिहास समजल्याशिवाय कोणतेच उत्तर पुरे होणार नाही.

डिचोली व सत्तरी १७८१-८२च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. ह्या नव्या काबिजादीत गावकरीच्या जमिनींबरोबरच मोकासे, इनामे आणि देवस्थानांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर होत्या. कसणारा एक आणि मालक दुसरा, अशी स्थिती सर्वत्र होती. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने १९६४ साली कूळ कायदा केला. पुढे शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असता १९७६ साली त्यात पाचवी दुरुस्ती झाली आणि २० एप्रिल १९७६ ह्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाला ह्या कायद्याने मान दिला. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

पण शेत हे नुसत्या मालकीवर पिकत नाही. खाजनाचा बांध एकट्याने राखता येत नाही. त्याची दुरुस्ती, मानशीची निगराणी, पाण्याच्या पाळ्या ही सामाईक कामे पूर्वी गावकरी आणि गावची व्यवस्था पाहत असे. कायद्याने ती कामे कुळांच्या संघांकडे सोपविली. काही गावांत हे संघ उत्तम चालले. अनेक ठिकाणी मात्र वार्षिक सभा होत नाहीत, वर्गणी जमत नाही, आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव हेच उत्पन्नाचे साधन होऊन बसते. लिलाव घेणाऱ्यास खारे पाणी आत आल्यास लाभ, कारण त्याबरोबर मासळी येते. शेतकऱ्याला तेच पाणी मारक. एकदा बांध फुटला आणि खार शेतात बसला की ते शेत पूर्ववत होण्यास काही पावसाळे जावे लागतात. तोवर कसणाऱ्याची मुले दुसऱ्या कामधंद्याला लागलेली असतात.

दुसरी अडचण वाटण्यांची. आपल्याकडच्या वारसा कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुलगी दोघांनाही समान वाटा मिळतो. हे न्याय्यच आहे. परंतु वाटपाची कारवाई वेळेवर न झाल्याने नमुना एक व चौदावर आजोबांचेच नाव, आणि वारस मात्र मुंबईपासून लंडनपर्यंत पसरलेले, अशी उदाहरणे आपल्या प्रत्येक वाड्यावर सापडतील. सर्वांच्या सह्या मिळेपर्यंत शेत पडून राहते.

तिसरी अडचण भीतीची. शेजाऱ्याला शेत कसावयास दिले तर तो उद्या कूळ म्हणून हक्क सांगेल, ह्या भयाने मालक शेत पडीक ठेवणे पसंत करतो. कसू इच्छिणारा आहे, जमीनही आहे, पण दोघांमध्ये विश्वासाचा कागद नाही. नीती आयोगाने २०१६ साली शेतजमीन भाडेपट्ट्याने देण्यासंबंधी एक नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला. मालकाची मालकी सुरक्षित, आणि कसणाऱ्याला ठरलेल्या मुदतीपुरता निश्चित हक्क, कर्ज व विमा मिळण्याची सोय, असे त्याचे स्वरूप आहे. गोव्याच्या परिस्थितीस जुळेल असे त्याचे रूप घडविणे हे धोरणकर्त्यांचे पहिले काम म्हणता येईल.

एका हेक्टराचा हिशेब

शेतजमीन वाचविण्यासाठी कायदे झालेले नाहीत असे नाही. कूळ कायद्याने मिळालेल्या जमिनीचा उपयोग शेतीखेरीज अन्य कामास करू नये, असे १९९१च्या जमीन वापर नियमन कायद्याने सांगितले. कालव्याच्या लाभक्षेत्रातील जमिनीसाठी १९९७चा कायदा आहे. २०२३ साली भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. २०२५ साली राज्याने अमृतकाल कृषी धोरणही जाहीर केले. दुसऱ्या बाजूस, नगरनियोजन कायद्यात अलीकडे जी कलमे घातली गेली, त्यांच्या आधारे जमिनीचा विभाग बदलता येतो, आणि त्यावरून उठलेले वाद न्यायालयापर्यंत गेले आहेत. एका हाताने कुंपण घालावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्यात फाटक ठेवावयाचे, अशी ही स्थिती आहे.

विक्रीवरचे निर्बंध आवश्यक आहेत, पण ते पुरेसे नाहीत. कायदा विक्री थांबवितो. नांगर चालविणे त्याच्या हाती नाही.

एक हेक्टर भातशेत नाहीसे झाले म्हणजे नेमके काय गेले, ह्याचा हिशेब मांडून पाहू. चांगल्या निगराणीत हेक्टरी चार टन भात आले असे धरू. भरडल्यावर त्याचा सुमारे अडीच टन तांदूळ होतो. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने लाभार्थी कुटुंबातील माणशी दरमहा ५ किलो, म्हणजे वर्षाला ६० किलो धान्य ठरविले आहे. त्या मापाने हे एक हेक्टर चाळीस माणसांचे वर्षाचे शिधापत्रिकेवरचे धान्य देते. त्यावर हिवाळ्यात अळसांदे किंवा भाजी निघाली तर तो लाभ वेगळा. बंगल्यांच्या वसाहतीसाठी एक हेक्टर भराव घातला जातो तेव्हा ही चाळीस पाने कायमची उठतात, असे समजावयास हरकत नाही. दर वर्षी एक हेक्टर ही गोष्ट किरकोळ दिसते. दहा गावांत दहा वर्षे तेच घडले म्हणजे काय होईल, ते ज्याचे त्याने गुणून पाहावे.

डिचोलीचा अनुभव ह्याहून निराळा आहे. तेथे शेते विकली गेली त्यापेक्षा गाळाखाली गेली. खाणींच्या टाकाऊ मातीचे ढीग पावसात वाहून ओहळांत आणि तेथून शेतांत उतरत. शिरगाव, मये परिसरातील शेतकऱ्यांनी ह्याविरुद्ध दीर्घकाळ तक्रारी केल्या. २०१२ साली खाणी बंद झाल्या. पुढे अंशतः सुरू होऊन २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि आता नव्या लिलावांनंतर काही पुन्हा चालू झाल्या आहेत. ह्या काळात खाणीवर अवलंबून असलेल्या घरांवर फार कठीण प्रसंग आला. ट्रक विकावे लागले, कर्जे थकली. ज्या घरांनी शेत आणि कुळागर राखले होते त्यांना त्या दिवसांत निदान दोन वेळचा आधार राहिला. खाण चालावी की न चालावी, हा ह्या लेखाचा विषय नव्हे. परंतु जेथे ती चालेल तेथे शेतात गाळ न येण्याची व्यवस्था आधी आणि खोदाई मागाहून, हा क्रम धोरणात पक्का असला पाहिजे.

पाणी आले, पुढे काय?

पेडणे आणि डिचोलीच्या दृष्टीने मुक्तीनंतरची सर्वांत मोठी शेतीयोजना म्हणजे तिळारी. १९९० साली महाराष्ट्र आणि गोवा ह्यांच्यात करार झाला. धरण दोडामार्ग तालुक्यात, आणि कालव्यांचे पाणी पेडणे, डिचोली व बारदेस ह्या तालुक्यांस. खर्चाचा सुमारे ७३ टक्के वाटा गोव्याने उचलला. तिळारी नदी म्हणजेच पुढे गोव्यात वाहणारी शापोरा. एकाच नदीवर दोन राज्यांनी मिळून बांधलेले हे धरण सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी माणसाला जोडणारे आहे.

पाणी आले, ह्यात संशय नाही. उन्हाळ्यात पेडण्याच्या काही भागांत हिरवी शेते दिसू लागली. परंतु कालव्याला भगदाड पडून पाणी बंद झाल्याच्या बातम्या वरचेवर येतात. त्यात शेतीबरोबर पिण्याचे पाणीही अडते. ऑगस्ट २०१९मध्ये उलट प्रकार झाला. अतिवृष्टी आणि तिळारीतून सोडलेले पाणी ह्यांनी नदीकाठची शेते बुडाली. धरण दुसऱ्या राज्यात, शेत आपल्या राज्यात, म्हणून सूचना वेळेवर मिळण्याची बांधणी किती महत्त्वाची आहे, हे त्या वेळी कळले.

त्याहून गंभीर प्रश्न असा की, पाणी पोहोचेपर्यंत जमीनच दुसऱ्या कामी लागत आहे. मोपाचा विमानतळ २०२२ साली पुरा झाला आणि जानेवारी २०२३पासून विमाने उतरू लागली. त्याबरोबर पेडण्यातल्या जमिनीचे भाव चढले. धारगळला लाभक्षेत्रातील जमीन वगळण्यावरून वाद झाला. सरकारी तिजोरीतून पैसा ओतून पाणी आणावयाचे, आणि ज्या जमिनीसाठी ते आणले तिच्यावरच बांधकाम होऊ द्यावयाचे, हा व्यवहार कोणत्याही जमाखर्चात बसणारा नाही. विमानतळ आला आहे आणि राहणार आहे. त्याच्याभोवतीच्या हॉटेलांना भाजी, दूध, अंडी, नारळ, केळी लागणारच. ती पेडण्याची असावीत की घाटावरची, एवढे ठरविणे आपल्या हाती आहे.

वन्य प्राण्यांचा उपद्रव हीही आता लहान गोष्ट राहिलेली नाही. माकडे, रानडुकरे आणि गवे ह्यांच्या भीतीने डिचोली-सत्तरीत अनेकांनी नारळ-केळीची आशा सोडली. २०२५ साली तर दोडामार्गाकडून आलेला एक हत्ती पेडण्याच्या शेतांत फिरला. कुंपणाला मदत आणि नुकसानीची भरपाई ही वेळेवर मिळाली तरच तिचा उपयोग. पुढच्या हंगामात आलेली भरपाई मागच्या हंगामाचे पीक परत आणीत नाही.

गिऱ्हाईक कोण?

जमीन आहे, पाणी आहे, कसणारा आहे, असे क्षणभर धरून चालू. माल कोण घेणार? शेतीच्या विषयात ह्या प्रश्नाची उपेक्षा फार होते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेडणे-डिचोलीच्या बायका डोक्यावरून भाजी, उकडे तांदूळ, मिरची घेऊन येतात. त्यांची शेती त्या बाजाराच्या जोरावर टिकली आहे. परंतु आठवड्यातला एक दिवस आणि एका पाटीइतका माल, ही त्या विक्रीची मर्यादा आहे. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीची भाजी मिळते. त्यातील पुष्कळशी बेळगावकडची. स्थानिक भाजीही महामंडळ घेते, आणि तो भाग वाढविण्यास वाव आहे.

खरे मोठे गिऱ्हाईक सरकार स्वतःच आहे, हे आपण विसरतो. शाळांत मध्यान्ह आहार दिला जातो. गोव्यात तो मुख्यतः महिला बचत गट पुरवितात, आणि त्यात पाव-भाजीचा भाग मोठा असतो. अंगणवाड्या आहेत, सरकारी रुग्णालये आहेत, वसतिगृहे आहेत. ह्या सर्वांना लागणाऱ्या भाजी, कडधान्य, तांदूळ ह्यांचा ठरावीक वाटा तालुक्यातल्या शेतकऱ्यांकडूनच घ्यावयाचा असा नियम केला, तर शेतकऱ्याला पेरणीपूर्वीच गिऱ्हाईक ठरलेले मिळते.

हे स्वप्नरंजन नव्हे. एके काळी आपल्याप्रमाणेच पोर्तुगीज सत्तेखाली असलेल्या ब्राझील देशाने २००९ साली कायदा करून शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतील किमान ३० टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांचा माल घेण्यास राखून ठेविली. आपल्या देशात ओडिशाने २०१७ साली भरडधान्यांची मोहीम सुरू केली. तीत नाचणी हमीभावाने विकत घेऊन शिधावाटपात आणि अंगणवाडीतल्या लाडवांत वापरली गेली. विक्रीची खात्री मिळताच सोडून दिलेली नाचणी शेतकऱ्यांनी पुन्हा पेरली. केरळने २००८ साली भातजमीन व पाणथळ जमीन संरक्षणाचा कायदा केला आणि कोणता तुकडा भातजमीन आहे ह्याची गाववार नोंद ठेविली. तेथेही पळवाटा निघाल्या, पण निदान कोणाची कोणती जमीन बुजवली जात आहे ते लोकांना कळू लागले.

शिधावाटपाच्या तांदळाचेही असेच आहे. केंद्र सरकारची विकेंद्रित खरेदीची योजना १९९७-९८ पासून आहे. तिच्याखाली राज्याने आपल्याच शेतकऱ्यांचे धान्य घेऊन आपल्याच दुकानांतून वाटावयाचे असते. गोव्याचा भात सगळ्या शिधापत्रिकांना पुरणार नाही. परंतु पेडण्यात पिकलेले भात उकडून पेडण्याच्याच अंगणवाड्यांत दिले, तर मुलांच्या ताटात ओळखीचा भात येईल, आणि गावातल्या भरड-गिरणीलाही काम मिळेल.

ह्या सर्वांस संशोधनाचा आधारही आहे. जुन्या गोव्यातील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेने कोरगूटातूनच निवड करून गोवा धान ह्या नावाने खार सोसणाऱ्या जाती दिल्या आहेत. यंत्राने लावणी-कापणी होऊ लागल्याने मजूर मिळत नाहीत ही तक्रारही कमी होत आहे. तिसवाडीतील जुवें गावात चर्चच्या पुढाकाराने पडीक शेते एकत्र करून पुन्हा भात लावले गेले. बांध मोडून नव्हे, तर मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवून आणि कसणे एकत्र करून हे साधले. असे कार्य धार्मिक व धर्मादाय संस्था करू शकतात, हे आपण नोंद घेण्यासारखे आहे.

सारांश

आतापर्यंतच्या विवेचनाचा सारांश सांगावयाचा तर, प्रादेशिक अन्नव्यवस्था तीन आधारांवर उभी राहते. जमीन शेतीखालीच राहणे, बांध-पाण्याची सामाईक कामे चालू राहणे, आणि पिकलेल्या मालाला खात्रीचे गिऱ्हाईक असणे. आजवरच्या धोरणांनी ह्यांतला एकेक आधार वेगवेगळ्या वेळी हाती घेतला. कूळ कायद्याने जमीन दिली तेव्हा बांधाचा विचार मागे पडला. तिळारीने पाणी दिले तेव्हा जमिनीचा विचार मागे पडला. विक्रीबंदीने जमीन राखली, पण गिऱ्हाइकाचा प्रश्न तसाच राहिला. तिन्ही एकाच वेळी, एकाच तालुक्यात, एकाच अधिकाऱ्याच्या जबाबदारीखाली हाती घेतले, तर पाच वर्षांत फरक दिसावा. पेडणे आणि डिचोली हे त्यासाठी योग्य तालुके आहेत, कारण जमीन, कालवा आणि बाजार तिन्ही तेथे आजही शिल्लक आहेत.

आपणांस काय करता येईल?

सरकारने काय करावे ते सांगणे सोपे असते. म्हणून शेवटी आपल्यापुरते काही सुचवितो.

ज्या सभासदांच्या कुटुंबांची गावात शेते आहेत, त्यांनी ह्या वर्षात आपल्या नमुना एक व चौदाचा उतारा काढून पाहावा. त्यावर कोणाची नावे आहेत, कोणाची राहिली आहेत, हे समजले की अर्धे काम झाले. वारसांच्या नोंदी आणि वाटपाची कारवाई कशी करावयाची ह्याचे मार्गदर्शन करणारे वकील आणि निवृत्त मामलेदार कचेरीतील जाणकार आपल्यात आहेत. न्यासाने वर्षातून दोन दिवस त्यासाठी बैठक ठेवल्यास गरजू घरांची मोठी सोय होईल.

समाराधनेसाठी लागणारा तांदूळ, नारळ, भाजी शक्य तेवढी आपल्या दोन तालुक्यांतल्या शेतकऱ्यांकडून आधी सांगून घ्यावी. पेरणीपूर्वी मागणी नोंदविली आणि कापणीनंतर रोख पैसे दिले, तर एका लहान शेतकऱ्याचा हंगाम त्यावर निभावतो. भाव बाजारापेक्षा थोडा अधिक पडला तरी तो अन्नदानाचाच भाग मानावा.

शेत पडीक असेल तर ते कसणाऱ्याला देताना लेखी करार करावा, आणि तो करताना कायद्याचा सल्ला घ्यावा. भीतीपोटी शेत पडू देण्यापेक्षा कागद नीट करून ते पिकू देणे दोघांच्याही हिताचे आहे.

ग्रामसभांना हजर राहावे. बांध, मानस, ओहळ, कालव्याची दुरुस्ती आणि जमिनीचा विभाग बदलण्याचे अर्ज हे विषय तेथेच प्रथम येतात. बाहेरगावी राहणाऱ्यांनी निदान सुटीत आलेल्या वेळी मुलांना शेताच्या बांधावर न्यावे आणि हे आपले, येथे कोरगूट होई, तेथे अळसांदे, असे दाखवावे. ज्या मुलाने आपले शेत पाहिलेलेच नाही, त्याला ते विकताना काहीच वाटणार नाही.

आपल्या पूर्वजांनी अन्नदानासाठी निधी ठेवले, जमिनी दिल्या, आणि पंगत कधी मोडू दिली नाही. पुढच्या महोत्सवाच्या पंगतीत वाढला जाणारा भात पेडण्या-डिचोलीच्या शेतांतून यावा, अशी व्यवस्था आतापासून करणे हे आपल्या पिढीचे काम आहे. त्यासाठी लागणारी जमीन अजून आहे, पाणी आहे आणि जाणती माणसेही आहेत. ती असतानाच कामास लागावे, एवढीच सर्व सभासद बंधुभगिनींना नम्र विनंती.